चिरहिम भूमीवरील आद्य ग्रंथ आणि त्याचा कर्ता कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर

१. विषयप्रवेश

इ. स. १८४३ साली रशियाची तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे एक जर्मन ग्रंथ छापण्यास सर्वस्वी सिद्ध झाला होता. सैबेरियातील जी भूमी उन्हाळ्यातही खालच्या थरांत वितळत नाही, तिच्यासंबंधी तोपर्यंत उपलब्ध झालेली सर्व माहिती त्यात एकत्र केली होती. ग्रंथ दोनशेहून अधिक पृष्ठांचा होता व त्याचा कर्ता युरोपभर मान्यता पावलेला पंडित होता. असे असता हा ग्रंथ मूळ जर्मन रूपाने विद्वानांच्या हाती पडला तो २००१ साली, म्हणजे सिद्ध झाल्यापासून १५८ वर्षांनी. मधल्या काळात त्या विषयाचे एक स्वतंत्र शास्त्र निर्माण झाले, त्याच्या संस्था स्थापन झाल्या, परिषदा भरल्या, परिभाषा ठरली. आणि या सर्वांचा आद्य ग्रंथ जर्मनीतील गीसेन येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात कागदांच्या संग्रहात पडून होता.

विषय भूशास्त्राचा असला तरी हकीकत ग्रंथसंग्राहकांची आहे, म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे ती ठेवावीशी वाटते. या ग्रंथाचा कर्ता कोण, सैबेरियात कधीही पाऊल न ठेवता त्याने हा ग्रंथ कसा रचला आणि तो अप्रकाशित राहिल्याने शास्त्राच्या इतिहासात कोणता फरक पडला, या तीन गोष्टींचा विचार येथे केला आहे.

२. शब्दविचार

प्रथम नावाचा विचार करणे अवश्य आहे, कारण या विषयात नावानेच बराच घोटाळा केला आहे. बेअर याने आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात जो शब्द योजला त्याचा अर्थ ‘अविनाशी भूमिगत बर्फ’ असा होतो. रशियन भाषेत पुढे जी संज्ञा रूढ झाली तिचा अर्थ ‘शाश्वत गोठण’. इंग्रजीत १९४३ पर्यंत यासाठी सुटसुटीत शब्दच नव्हता; त्या वर्षी सायमन म्यूलर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ‘पर्माफ्रॉस्ट’ हा जोडशब्द बनविला आणि तोच पुढे जगभर चालला.

या तिन्ही शब्दांत ‘कायमपणा’ची कल्पना गृहीत आहे आणि ती वस्तुस्थितीला धरून नाही. शास्त्राची आजची व्याख्या अशी आहे की, जी भूमी सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंश सेंटिग्रेड किंवा त्याखालील उष्णमानात राहते ती या वर्गात मोडते. तिच्यात बर्फ असलाच पाहिजे असेही नाही. शून्याखाली राहिलेला कोरडा खडकही तिच्यातच गणला जातो. तेव्हा तिला शाश्वत म्हणता येत नाही व बर्फमयही म्हणता येत नाही. मी या लेखात ‘चिरहिम भूमी’ असा शब्द योजला आहे. ‘चिर’ म्हणजे दीर्घकाळ. त्यात अविनाशित्वाचा दावा नाही. ‘हिम’ शब्दाचा संस्कृतात बर्फाइतकाच ‘शीत’ हाही अर्थ असल्याने कोरड्या खडकालाही तो लागू पडतो. या भूमीवरचा जो पातळ थर उन्हाळ्यात वितळतो व हिवाळ्यात पुन्हा गोठतो, त्याला शास्त्रज्ञ ‘सक्रिय थर’ म्हणतात. उत्तर गोलार्धातील जमिनीपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग चिरहिम भूमीच्या प्रदेशात येतो. आपल्या देशातही लडाखच्या उंच भागात ती आढळते. सैबेरियात काही ठिकाणी तिची जाडी दीड हजार मीटरपर्यंत जाते.

३. ग्रंथकर्त्याचे पूर्ववृत्त

कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याचा जन्म हल्लीच्या एस्टोनिया देशातील पीबे या जहागिरीच्या गावी १७९२ साली झाला. एस्टोनिया त्या वेळी रशियन साम्राज्यात होता आणि बेअरचे घराणे तेथे स्थायिक झालेल्या जर्मन सरदारवर्गापैकी होते. त्याच्या जन्माची तारीख काही ठिकाणी १७ फेब्रुवारी व काही ठिकाणी २८ फेब्रुवारी अशी आढळते. मृत्यूची तारीख १६ नोव्हेंबर व २८ नोव्हेंबर अशी दोन्ही प्रकारे दिलेली दिसते. यात विरोध नाही. रशियात १९१८ पर्यंत ज्युलियन कालगणना चालू होती. ग्रेगोरियन कालगणनेशी तिचे अंतर अठराव्या शतकात ११ दिवसांचे व एकोणिसाव्या शतकात १२ दिवसांचे होते. म्हणून जन्माच्या तारखांत ११ दिवसांचा व मृत्यूच्या तारखांत १२ दिवसांचा फरक पडतो. शक, हिजरी व शुहूर सनांचा मेळ घालणाऱ्या वाचकांना हे सांगण्याची फारशी गरज नाही. परंतु रशियन प्रवासवृत्तांतांतील तारखा व उष्णमाने पडताळताना हे भान न ठेवल्यास घोटाळे होतात, म्हणून नोंद केली.

बेअर याने डॉर्पाट येथे (हल्लीचे टार्टू) वैद्यकाचा अभ्यास केला व १८१४ साली पदवी मिळविली. पुढे व्हिएन्ना व व्युर्त्सबुर्ग येथे शरीरशास्त्राचे अधिक अध्ययन करून १८१७ साली तो प्रशियातील क्योनिग्सबेर्ग विद्यापीठात रुजू झाला. तेथील सतरा वर्षांत त्याने जे कार्य केले त्यानेच त्याचे नाव अजरामर झाले आहे. सस्तन प्राण्यांचे बीजांड कोठे व कसे असते हा प्रश्न वैद्यांना शतकानुशतके सुटला नव्हता. १८२७ साली बेअर याने ते प्रथम प्रत्यक्ष पाहिले व तो शोध लॅटिन भाषेतील एका पत्ररूप निबंधाने सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीस कळविला. लगोलग १८२८ साली प्राण्यांच्या गर्भविकासावरील त्याच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. आधुनिक गर्भशास्त्राच्या संस्थापकांत त्याची गणना होते.

१८३४ साली तो क्योनिग्सबेर्ग सोडून सेंट पीटर्सबर्गला अकादमीचा सभासद म्हणून राहावयास गेला. येथे त्याच्या आयुष्याचा ओघ पालटला. अकादमीकडे साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून प्रवाशांची, नाविकांची व अधिकाऱ्यांची टिपणे येत असत. त्याशिवाय १८३५ पासून १८६२ पर्यंत अकादमीच्या ग्रंथालयातील परदेशी ग्रंथांचा विभाग बेअरच्याच देखरेखीखाली होता व त्याने त्या विभागाची वर्गीकरणपद्धती आखली. ज्याच्या आद्य ग्रंथाचा पुढे दीड शतक पत्ता लागला नाही तो स्वतः पंचवीस वर्षांहून अधिक काळ एका मोठ्या ग्रंथालयाचा व्यवस्थापक होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८३७ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ४५ व्या वर्षी, बेअर आर्खांगेल्स्क बंदरातून नोवाया झेमल्या या ध्रुवप्रदेशीय बेटांवर गेला. तेथील प्राणी, वनस्पती व भूमी यांचे शास्त्रीय निरीक्षण करणारा तो पहिलाच निसर्गपंडित होय. अतिशीत प्रदेशात जीवन कसे टिकते हा प्रश्न घेऊन तो निघाला होता. परंतु पायाखालची भूमीच किती खोलवर गोठलेली आहे, हा दुसरा प्रश्न त्यानंतर त्याच्या लेखनात ठळकपणे पुढे आला.

४. याकूत्स्कची विहीर

या प्रश्नाचे उत्तर मिळण्याचे एक स्थान सैबेरियात तयार होत होते, आणि ते कोणा शास्त्रज्ञाने नव्हे तर एका व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्याने केले होते.

लेना नदीच्या काठी, ६२ अक्षांशावर, याकूत्स्क नावाचे शहर आहे. तेथे जानेवारीचे सरासरी उष्णमान शून्याखाली ४० अंशांच्या आसपास जाते, तर जुलैचे १९-२० अंश असते. या शहरी विहीर खणण्याचा प्रयत्न सतराव्या शतकाच्या अखेरीस झाला होता. योहान गेओर्ग ग्मेलिन हा पंडित १७३३ ते १७४३ या काळात सैबेरियात फिरला. त्याने लिहून ठेविले आहे की, ९१ फूट खणूनही भूमी गोठलेलीच लागल्याने ती विहीर सोडून द्यावी लागली. ग्मेलिनचा प्रवासग्रंथ अठराव्या शतकाच्या मध्यास छापला गेला आणि त्यानंतरच्या प्रवाशांनीही असेच दाखले दिले.

तथापि या साक्षी युरोपातील विद्वानांनी मानल्या नाहीत. लिओपोल्ड फॉन बूख हा त्या काळचा श्रेष्ठ भूशास्त्रज्ञ. त्याने १८२५ साली ही सर्व वृत्ते विश्वासास अपात्र ठरविली. जेथे झाडेझुडपे वाढतात तेथे थोड्याच खोलीवर वर्षभर बर्फ असणे शक्य नाही, अशा स्वरूपाचा त्याचा तर्क होता. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर त्याने आप्तवाक्यापेक्षा अनुमानास अधिक बळ दिले; परंतु अनुमानाची व्याप्तीच सोपाधिक होती. वृक्षाची मुळे जेवढ्या थरात पसरतात तेवढा थर उन्हाळ्यात वितळला म्हणजे वृक्षाचे काम भागते. त्याच्या खाली काय आहे याची त्याला मातब्बरी नाही. इतकेच नव्हे, तर याकूत्स्कजवळ वर्षभराचा पाऊस व बर्फ मिळून पाणी जेमतेम २४० मिलिमीटर पडते. खालची गोठलेली भूमी ते पाणी झिरपू देत नाही, म्हणूनच इतक्या कोरड्या हवेत तेथे लार्च वृक्षांची अरण्ये उभी आहेत. जी वस्तू बूख याला वृक्षांची बाधक वाटली तीच त्यांची पोषक निघाली.

फ्योदोर शेर्गिन हा रशियन-अमेरिकन कंपनीचा याकूत्स्क येथील कारभारी. त्याने १८२७-२८ च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या आवारात विहीर खणावयास घेतली. पाणी लागेना, गोठलेली माती सरेना. तेव्हा काम सोडून देण्याचा त्याचा विचार झाला. १८२९ साली अडोल्फ एर्मान या जर्मन प्रवाशाने त्या विहिरीत उष्णमान मोजले. पुढे ध्रुवसमुद्राचा प्रसिद्ध नाविक फर्डिनांड फॉन व्रांगेल याने शेर्गिनला खणणे चालू ठेवण्यास प्रोत्साहन दिले. पाण्याची विहीर अशा रीतीने शास्त्राची विहीर झाली. १८३७ पर्यंत ती ३८२ फूट, म्हणजे सुमारे ११६ मीटर, खोल गेली. तळ तरीही गोठलेलाच होता आणि पाणी अखेरपर्यंत लागले नाही.

हे वृत्त बेअरच्या हाती येताच त्याने त्याचे महत्त्व ओळखले. १८३८ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात सैबेरियातील गोठलेल्या भूमीसंबंधी त्याचा लेख आला. त्यात ग्मेलिनची जुनी साक्ष, बूख याचा अविश्वास व शेर्गिनच्या विहिरीचा पुरावा अशी सर्व परंपरा त्याने मांडली. त्याचा परिणाम तत्काळ झाला. पुढच्याच वर्षी सर जॉन रिचर्डसन याने उत्तर अमेरिकेतील हडसन बे कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी गोठलेल्या भूमीच्या निरीक्षणाची सूचनावली तयार करून त्याच नियतकालिकात छापविली. एका विहिरीचे वृत्त दोन खंडांत या विषयाची चौकशी सुरू होण्यास असे कारण झाले.

५. ग्रंथाची रचना व पद्धती

पुढील चार-पाच वर्षांत बेअर याने हाच विषय विस्ताराने हाती घेतला. ग्रंथाचे नाव ‘सैबेरियातील अविनाशी भूमिगत बर्फाच्या ज्ञानाची साधने’ अशा अर्थाचे आहे. यातील ‘साधने’ हा शब्द आपल्या वाचकांच्या विशेष परिचयाचा आहे. बेअर स्वतः सैबेरियात गेला नव्हता. नोवाया झेमल्या व १८४० साली केलेला कोला द्वीपकल्पाचा प्रवास एवढाच त्याचा उत्तरेकडील प्रत्यक्ष अनुभव. तेव्हा त्याचा सर्व आधार लेखी साधनांवर होता: प्रवासग्रंथ, नाविकांची टिपणे, खाणींची व विहिरींची वृत्ते, नद्यांच्या काठी दिसलेल्या बर्फाच्या थरांची वर्णने.

अशी साधने शेकडो मैलांच्या अंतरावरून व शंभर-दीडशे वर्षांच्या कालावधीतून आलेली. कोणी खोली साजेन या रशियन मापात सांगतो (एक साजेन म्हणजे ७ फूट), कोणी फुटांत. उष्णमान बहुधा रोमूर पद्धतीने दिलेले, जिच्यात पाणी ८० अंशांवर उकळते. कोणी उन्हाळ्याच्या आरंभी खणले व कोणी अखेरीस, त्यामुळे एकाच गावी एकाला हातभर खाली बर्फ लागला व दुसऱ्याला पुरुषभर खाली. हे सर्व जुळवून त्यांतून एक सुसंगत चित्र काढणे म्हणजे पाठभेदांवरून मूळ पाठ निश्चित करण्यासारखेच काम होय. एका साक्षीवर विसंबावयाचे नाही व केवळ आश्चर्यकारक म्हणून ती टाकूनही द्यावयाची नाही. प्रत्येक साक्ष कोणत्या स्थळी, कोणत्या ऋतूत व कोणत्या हेतूने नोंदली गेली हे पाहावयाचे.

या छाननीतून जे निष्पन्न झाले ते थोडक्यात असे. गोठलेल्या भूमीचा विस्तार केवळ ध्रुवाजवळच्या किनाऱ्यापुरता नसून सैबेरियात तो फार दक्षिणेपर्यंत येतो. त्याची दक्षिण सीमा अक्षांशाला समांतर जात नाही; पश्चिमेकडे ती उत्तरेस सरकलेली असून पूर्वेकडे, जेथे हिवाळा अधिक उग्र आहे, तेथे ती बरीच दक्षिणेस उतरते. बेअर याने दिलेली ही सीमा आंतरराष्ट्रीय चिरहिम भूमी संघाने प्रसिद्ध केलेल्या आधुनिक नकाशाशी ताडून पाहता बरीचशी जुळते असे या विषयाच्या अभ्यासकांचे मत आहे. विमाने व आकाशस्थ उपग्रह यांच्या साहाय्याने जे ठरले त्याच्या जवळपास एक मनुष्य दप्तर चाळून पोचला होता. भूमिगत बर्फाचे प्रकार व त्यामुळे भूपृष्ठाला येणारी रूपे यांची जी वर्णने त्याने दिली तीही बहुतांशी आज ग्राह्य मानली जातात.

६. मिडेनडॉर्फ याची मोहीम

साधनग्रंथ रचून बेअर स्वस्थ बसला नाही. संशयाची स्थळे प्रत्यक्ष पाहून कोणीतरी निर्णय दिला पाहिजे, हे तो जाणून होता. कोला द्वीपकल्पाच्या प्रवासातील त्याचा तरुण सहकारी अलेक्झांडर थिओडोर फॉन मिडेनडॉर्फ याला सैबेरियात पाठविण्याची योजना त्याच्याच पुरस्काराने अकादमीने मान्य केली. मोहिमेचे दोन हेतू ठरले: तायमिर द्वीपकल्पातील जीवसृष्टीचे निरीक्षण आणि गोठलेल्या भूमीची परीक्षा. मिडेनडॉर्फ १८४३ साली तायमिर येथे गेला व १८४४ साली याकूत्स्कला येऊन त्याने शेर्गिनच्या विहिरीत उष्णमाने घेतली.

यात एक अडचण होती. विहिरीचे तोंड उघडे राहिल्याने हिवाळ्याची जड थंड हवा तळापर्यंत उतरते. तेव्हा विहिरीतील हवेचे उष्णमान म्हणजे भूमीचे उष्णमान नव्हे. यासाठी मिडेनडॉर्फ याने निरनिराळ्या खोलीवर विहिरीच्या भिंतींत आडवी छिद्रे पाडून त्यांत उष्णतामापके बसविली. वरच्या थरांतील उष्णमान खालच्यापेक्षा कितीतरी कमी होते, तर तळाशी, ३८२ फुटांवर, ते सुमारे शून्याखाली ३ अंश सेंटिग्रेड भरले. खाली जावे तसतशी भूमी उबदार होत जाते, कारण पृथ्वीच्या पोटातील उष्णता वर येत असते. वरून हिवाळा दाबतो व खालून ही उष्णता रेटते, आणि दोहोंचा तोल जेथे शून्य अंशावर साधतो तेथे चिरहिम भूमीचा तळ असतो. तळाशी अजून ३ अंशांची तूट असल्याने शेर्गिनला पाणी लागण्यास आणखी पुष्कळ खोल जावे लागले असते, हे या हिशेबाने स्पष्ट झाले.

मिडेनडॉर्फ याचा प्रवासग्रंथ १८४७ पासून अनेक भागांनी प्रसिद्ध होऊ लागला. प्रत्यक्ष मोजलेली उष्णमाने त्यात होती, त्यामुळे या शास्त्राचा आरंभ त्याच्यापासून मोजण्याचा प्रघात पडला. मिडेनडॉर्फ याची योग्यता यत्किंचितही कमी नाही. परंतु कोठे जावे, काय मोजावे व कोणत्या जुन्या साक्षी पडताळाव्या हे ज्याने लिहून ठेविले होते त्याचा ग्रंथ मात्र वाचकांपुढे आला नाही. ग्रंथ सिद्ध झाला त्याच वर्षी मिडेनडॉर्फ सैबेरियात होता, आणि त्याची मापे हाती आल्यावर जुन्या साक्षींचा संग्रह मागे पडला.

७. ग्रंथाची पुढील गती

बेअर याने १८४३ नंतरही पुष्कळ कामे केली. १८४५ साली स्थापन झालेल्या रशियन भूगोल संस्थेच्या संस्थापकांत तो होता. १८५३ ते १८५७ या काळात कास्पियन समुद्रावरील मासेमारीची त्याने तपासणी केली. नद्या एका विशिष्ट बाजूचा काठ अधिक का झिजवितात याची पृथ्वीच्या परिवलनावरून त्याने १८६० साली उपपत्ती दिली. १८६७ साली तो डॉर्पाट येथे राहावयास गेला व तेथेच १८७६ साली त्याचा अंत झाला.

त्याच्या कागदपत्रांचा मार्ग लुडविग श्टीडा या शरीरशास्त्रज्ञाच्या घरून गेला. श्टीडा हा डॉर्पाट येथे प्राध्यापक होता व त्याने १८७८ साली बेअरचे चरित्र लिहिले. पुढे तो क्योनिग्सबेर्ग येथे प्राध्यापक झाला आणि आयुष्याच्या अखेरीस गीसेन येथे राहावयास आला. तेथे १९१८ साली तो निवर्तला. अशा रीतीने एस्टोनियात जन्मलेल्या व रशियात काम केलेल्या पंडिताची कागदपत्रे, त्याचा स्वतःचा काही संबंध नसलेल्या एका जर्मन विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्थिरावली. आपल्याकडेही एका घराण्याची दप्तरे कारकुनाच्या किंवा जावयाच्या गावी सापडतात. त्यातलाच हा प्रकार.

ग्रंथ अगदीच अज्ञात होता असेही नाही. १९४२ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या वतीने त्याचे तात्पुरते रशियन भाषांतर झाले. परंतु युद्धानंतर तेही विस्मरणात गेले. पुढे गीसेन येथील भूगोलाचे प्राध्यापक लोरेन्झ किंग यांनी आपल्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयातील प्रतीवरून हा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध केला व एस्टोनियन इतिहासकार एर्की ताम्मिकसार यांनी त्यास विस्तृत प्रस्तावना जोडली. ही आवृत्ती जुन्या पानांच्या हुबेहूब प्रतिकृतीच्या स्वरूपात आहे, त्यामुळे संपादकाच्या हातून पाठ बदलण्याचा प्रश्न उरला नाही.

या प्रतीचे वर्णन करताना जर्मन संपादकाने जो शब्द वापरला आहे तो हल्ली टंकलिखितास लावतात. परंतु १८४३ साली टंकयंत्र प्रचारात आलेले नव्हते. तेव्हा ही प्रत म्हणजे खिळे जुळवून काढलेला, परंतु प्रसिद्ध न झालेला छापील मजकूर असे समजावयाचे. ती धड हस्तलिखित नव्हे व धड प्रकाशित ग्रंथही नव्हे. अशा प्रतींची गती फार वाईट होते. हस्तलिखितांची यादी करणारा छापील कागद म्हणून ती बाजूस ठेवतो, आणि छापील ग्रंथांची यादी करणारा मुखपृष्ठ, प्रकाशक व साल नाही म्हणून तिची दखल घेत नाही.

८. अप्रकाशनाचे परिणाम

प्रकाशन न झाल्याने नुकसान काय झाले, असा प्रश्न कोणी करील. भूमी तर आपल्या जागी होती. कोणी ना कोणी ती मोजलीच असती, आणि मोजलीही. रशियात मिखाइल सुमगिन याने १९२७ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला व तेथूनच ‘शाश्वत गोठण’ ही संज्ञा रूढ झाली. १९३० च्या सुमारास अकादमीने या विषयासाठी स्वतंत्र मंडळ नेमले, १९६० साली याकूत्स्क येथे संशोधनसंस्था निघाली आणि १९६३ साली अमेरिकेत इंडियाना संस्थानातील पर्ड्यू विद्यापीठात पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शास्त्र थांबले नाही, हे खरे.

परंतु मला तीन नुकसाने दिसतात. पहिले परिभाषेचे. बेअर याने ज्या संज्ञा काळजीपूर्वक ठरविल्या होत्या त्या उपलब्ध नसल्याने पुढच्या लोकांना त्या नव्याने घडवाव्या लागल्या, आणि गोठलेली भूमी व भूमीतील बर्फ यांतील भेद पुन्हा स्पष्ट करावा लागला. दुसरे श्रमांचे. दक्षिण सीमेची जी रेषा १८४३ साली कागदावर होती ती पुढच्या पिढ्यांनी जणू प्रथमच शोधावी तशी शोधली. तिसरे नुकसान आज अधिक जाणवते. ही भूमी आता तापत आहे. तिच्यात साठून राहिलेल्या सेंद्रिय कर्बाचे प्रमाण सुमारे १,४०० ते १,६०० अब्ज टन, म्हणजे आज वातावरणात असलेल्या कर्बाच्या जवळजवळ दुप्पट, समजतात. ती वितळल्यास त्यातील काही भाग वायुरूपाने हवेत जाऊन उष्णमान आणखी वाढेल. याकूत्स्कमधील मोठ्या इमारती खालची भूमी उबेने वितळू नये म्हणून खांबांवर उचलून बांधाव्या लागतात. अशा वेळी पूर्वी कोठे, किती खोलीवर व कोणत्या ऋतूत गोठण लागत होती याच्या जुन्या नोंदींना मोल येते. बेअर याने जमविलेल्या साक्षी या वितळण्याच्या आधीच्या काळातील आहेत. त्या आता पुन्हा निर्माण करता येण्यासारख्या नाहीत. शेर्गिनची विहीर स्मारक म्हणून याकूत्स्क येथे राखून ठेविली आहे. तिच्याबद्दल एकोणिसाव्या शतकात लिहिलेली पाने तितकीच राखावयास हवी होती.

९. संग्राहकांस सूचना

या हकीकतीवरून ग्रंथलोपाचे दोन प्रकार वेगळे मानले पाहिजेत असे मला वाटते. एकात वस्तू नष्ट होते: आग, पाणी, वाळवी, परचक्र. दुसऱ्यात वस्तू शाबूत असते, परंतु ती कोठे आहे व काय आहे हे सांगणारी ओळ कोणत्याही यादीत नसते. बेअरचा ग्रंथ दुसऱ्या प्रकारे लोपला होता. पहिल्या प्रकारावर संग्राहकाचा इलाज थोडा चालतो. दुसऱ्यावर पुरता चालतो.

आपल्या संग्रहांत दुसऱ्या प्रकारची सामग्री पुष्कळ आहे. शास्त्री, वैद्य, ज्योतिषी, मामलेदार, शाळाखात्यातील अधिकारी यांचे कागद जेव्हा मंडळाकडे किंवा खाजगी संग्राहकाकडे येतात, तेव्हा सनदा, पत्रे व बखरी प्रथम निवडल्या जातात आणि उरलेले ‘किरकोळ’ या एका शब्दाखाली बांधले जाते. त्या किरकोळात पर्जन्याचे तक्ते असतात, विहिरींच्या खोलीची टिपणे असतात, दुष्काळी कामांचे हिशेब असतात, अर्धवट छापलेल्या पुस्तकांचे फर्मे असतात. इतिहासाचा म्हणून जो कागद आज आपणास निरुपयोगी दिसतो तो उद्या दुसऱ्या शास्त्राचे मूळ साधन ठरू शकेल. ग्मेलिनने विहिरीची ९१ फुटांची नोंद केली तेव्हा तीही किरकोळच होती.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. एक, प्रत्येक बाडाची यादी करताना त्यातील छापील परंतु अप्रकाशित पानांची स्वतंत्र नोंद असावी. पहिली व शेवटची ओळ, पृष्ठसंख्या व हाताने केलेल्या दुरुस्त्या लिहाव्यात. दोन, कागद कोणाकडून कोणाकडे आले ही परंपरा बाडाबरोबरच लिहून ठेवावी. श्टीडा याचे नाव ठाऊक नसते तर बेअरचे कागद गीसेन येथे शोधण्याचे कोणाला सुचले असते? तीन, ज्यात आकडे आहेत असा कागद, मग तो कोणत्याही विषयाचा असो, ‘किरकोळ’ या सदरात घालू नये. त्यातील माप कोणते व सन कोणता एवढे तरी त्यावर टिपावे. या कामाला द्रव्य थोडे व चिकाटी पुष्कळ लागते, आणि ती आपल्या वाचकांत आहे.